लेखकाने उतारा कसा रचलाय? जीसीएसईच्या त्या ८ मार्कांच्या प्रश्नाबद्दल

इंग्लंडमधल्या मराठी घरांत जीसीएसईचं, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेचं, वर्ष आलं की गणिताचं फारसं टेन्शन नसतं, सायन्स पण निभावून जातं, घोडं अडतं ते इंग्लिश लँग्वेजपाशी, आणि त्यातही एक्यूए बोर्डाच्या पेपर १ मधल्या तिसऱ्या प्रश्नापाशी. लेखकाने हा उतारा कसा रचलाय ते सांगा. ८ मार्क. पोरं म्हणतात रचलाय म्हणजे काय, लिहिलाय ना. आईबाबा म्हणतात अरे उपमा शोध, रूपक शोध, काहीतरी असेलच. आणि तिथेच मार्क जायला सुरुवात होते, कारण उपमा-रूपकांचा प्रश्न त्याच्या आधीचा, म्हणजे दुसरा, तोही ८ मार्कांचाच, आणि तिसऱ्यात कितीही सुंदर उपमा शोधून दाखवली तरी तिला भोपळा.

आईबाबांचा यात दोष नाहीये. आपण महाराष्ट्र बोर्डात वाढलो, तिथे कवितेचं रसग्रहण म्हटलं की आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं, अलंकार ओळखा, झालं. शब्दांकडे बघायची सवय आपल्याला पक्की लागलेली असते. पण शब्द सोडून त्यांच्या जागेकडे बघा, असं कोणी शाळेत सांगितल्याचं निदान मला तरी आठवत नाही. मी इथे शनिवारी आपल्या पोरांना इंग्लिश शिकवते आणि या एका प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

आधी पेपरचं गणित, पटकन. पेपर १ एक तास पंचेचाळीस मिनिटांचा, ८० मार्कांचा. अर्धे मार्क वाचनाला, अर्धे लेखनाला. वाचनासाठी कथा-कादंबरीतला एक उतारा येतो, विसाव्या किंवा एकविसाव्या शतकातला, ओळींना नंबर दिलेले असतात. पहिला प्रश्न ४ मार्कांचा, दुसरा भाषेवर ८, तिसरा रचनेवर ८, चौथा मोठा, २० मार्कांचा. पहिले दोन प्रश्न उताऱ्यातल्या ठराविक ओळींवर असतात. तिसरा मात्र अख्ख्या उताऱ्यावर असतो आणि ही गोष्ट प्रश्नातच लिहिलेली असते तरी निम्मी पोरं पहिल्या दोन परिच्छेदांवरच लिहून मोकळी होतात. प्रश्नाचे नेमके शब्द बदलत असतात, कधी नुसतं 'वाचकाची आवड टिकवायला' असं येतं, कधी 'गूढ वाटावं म्हणून' असा एखादा परिणाम नाव घेऊन विचारतात, त्यामुळे बोर्डाच्या साइटवरचा सगळ्यात ताजा नमुना पेपर बघा, मोठ्या भावाच्या वेळचा नको. पण शब्द काहीही असोत, आत विचारलेलं तेच असतं.

आणि ते काय, तर माझ्या मते एवढंच: ही गोष्ट इथेच का सांगितली? आधी का नाही, नंतर का नाही?

बास. बाकी सगळं, म्हणजे फ्लॅशबॅक आणि फोरशॅडोइंग (पुढच्याची आधीच चाहूल) आणि सायक्लिकल स्ट्रक्चर (शेवट परत सुरुवातीपाशी) वगैरे जी मोठी यादी शाळेतून चिकटवलेली मिळते, ती या प्रश्नाचं उत्तर देताना लागली तर वापरायची, नाही लागली तर राहू दे. लेखकाकडे माहिती असते सगळी, तो ती वाचकाला एकदम देत नाही, थोडी थोडी देतो, काही दाबून ठेवतो, काही भलत्याच वेळी देतो. ती कोणत्या क्रमाने दिली आणि त्या क्रमामुळे वाचकाच्या डोक्यात काय झालं, हे सांगितलं की रचनेचं उत्तर झालं.

शाळेत हे शिकवताना कॅमेऱ्याचं उदाहरण देतात, की समजा ही फिल्म आहे, कॅमेरा आधी लांबून डोंगर दाखवतो मग हळूहळू एका खिडकीवर येतो, झूम इन, झूम आऊट. सुरुवातीला चांगलं आहे, पोरांना पटकन कळतं. पण माझी त्यावर एक तक्रार आहे. कॅमेऱ्याला फक्त काय दिसतंय ते कळतं, वाचकाला आत्तापर्यंत काय माहिती झालंय आणि काय नाही ते कळत नाही. आणि खरे मार्क तिथे असतात. नुसतं 'मग लेखक झूम इन करतो, मग झूम आऊट करतो' असं चार वेळा लिहिलेलं उत्तर बघितलं की मला आता झोपच येते.

नुसतं सांगून हे डोक्यात शिरत नाही म्हणून एक छोटा उतारा घेऊ. परीक्षेत अर्थातच इंग्लिश असतो आणि याच्यापेक्षा बराच मोठा असतो, पण रचना बघायला भाषा कुठलीही चालते आणि आपल्याला आपल्या भाषेत पटकन दिसतं. हा मीच क्लाससाठी लिहिलेला आहे, परिच्छेदांना नंबर दिलेत.

(१) त्या दुपारी सगळं गाव झोपलं होतं. खाडीचं पाणी उतरलेलं, होड्या चिखलात एका कुशीवर कलंडलेल्या, आणि धक्क्यावरच्या टपरीची फळीसुद्धा ओढून घेतलेली.

(२) फक्त वरच्या आळीतल्या शेवटच्या घराचं दार उघडं होतं. ओटीवर पितळेचा तांब्या होता. तांब्याशेजारी दोन पेले. एक भरलेला, एक पालथा.

(३) दहा वर्षांपूर्वी याच ओटीवर माणसांना बसायला जागा पुरत नसे. गणपतीत तर पंगत मागच्या पडवीपर्यंत जायची, आणि वसूकाकी एकेकाला नावाने हाक मारून वाढायची.

(४) आता वसूकाकी खिडकीशी बसून एसटीचा आवाज ऐकत होती. साडेतीनची गाडी वळणावर आली, थांबली, गेली. कोणी उतरलेलं दिसलं नाही. तिने पदराने चष्मा पुसला.

(५) मग फाटकाची कडी वाजली.

(६) "अजून माझा पेला भरून ठेवतेस?" आवाज तिने ओळखला. वळून मात्र बघितलं नाही.

आता हा उतारा दिल्यावर बहुतेक पोरं पहिल्यांदा जे लिहितात ते साधारण असं असतं:

'लेखकाने सुरुवातीला गावाचं वर्णन केलं आहे, त्यामुळे वाचकाला वातावरण कळतं. मग फ्लॅशबॅक वापरला आहे, त्यामुळे उतारा रंजक होतो. मग एका ओळीचा परिच्छेद आहे, तो उठून दिसतो. शेवटी क्लिफहँगर आहे, त्यामुळे वाचकाला पुढे वाचावंसं वाटतं.'

यात खोटं काहीच नाही. पण हे उत्तर वसूकाकीच्या गोष्टीचं आहे असं यात कुठे दिसतंय का? नावं बदला, हेच उत्तर भुताच्या गोष्टीला चालेल, क्रिकेटच्या गोष्टीला चालेल, कशालाही चालेल. परीक्षक लोक ज्याला फीचर-स्पॉटिंग म्हणतात ते हेच, वैशिष्ट्यं शोधून त्यांची हजेरी घ्यायची आणि प्रत्येकाच्या पुढे 'वाचावंसं वाटतं' चिकटवायचं. या प्रश्नाचे ८ मार्क चार लेव्हलमधे वाटलेले असतात, प्रत्येक लेव्हलला दोन दोन. सगळ्यात खाली साधंसुधं, मग थोडीफार समज, मग स्पष्ट आणि मुद्द्याला धरून, आणि सगळ्यात वर बारकाईने आणि मार्मिक. वरचं उत्तर दुसऱ्या लेव्हलच्या उंबऱ्यावर घुटमळतं. आणि यात वाईट वाटण्यासारखं असं की हे लिहिणारं पोर बहुतेक वेळा हुशार असतं, त्याला गोष्ट कळलेली असते, फक्त कळलेलं कागदावर आलेलं नसतं.

मग काय करायचं. मी पोरांना एकच युक्ती शिकवते, परिच्छेद हलवून बघायचा. खरंच हलवायचा, मनातल्या मनात उचलून दुसरीकडे ठेवायचा आणि काय बिघडतं ते बघायचं.

बघा, दुसरा आणि तिसरा परिच्छेद अदलाबदल करू. आधी झोपलेलं गाव, मग लगेच दहा वर्षांपूर्वीची गर्दी, पंगत, वसूकाकी वाढतेय, आणि त्यानंतर रिकामी ओटी आणि दोन पेले. वाचता येतं, चुकीचं काही वाटत नाही. पण परिणाम काय होतो? आपल्याला आधी भरलेलं घर दिसतं आणि मग रिकामं दिसतं, वाईट वाटतं, संपलं. पेले हे नुसते रिकामेपणाची खूण होऊन बसतात. आता मूळ क्रमाने वाचा. पेले आधी येतात, आणि तेव्हा आपल्याला घरात कोण राहतं हे पण माहीत नसतं, त्यामुळे एक भरलेला आणि एक पालथा हे कोडं होतं. भरलेला कोणासाठी? आणि याचं उत्तर मिळेल असं वाटतंय तोवर लेखक आपल्याला दहा वर्षं मागे नेतो. तिथे माणसंच माणसं. म्हणजे एवढी माणसं होती आणि आता पेला मात्र एकासाठीच भरलाय. कोडं सुटलं नाही, उलट धारदार झालं. हे जे आत्ता मी लिहिलं ना, हाच रचनेचा मुद्दा. यात मी एकदाही 'फ्लॅशबॅक' म्हटलं नाही आणि तरी हे वरच्या उत्तरातल्या फ्लॅशबॅकपेक्षा कितीतरी पुढे गेलं. टर्म घातली तर छानच, बोर्डाला योग्य संज्ञा वापरलेल्या हव्याच असतात, पण टर्म भाजीत मिठाएवढी.

आता चौथा आणि पाचवा बघा, मला यातली ही जागा सगळ्यात आवडते. 'कोणी उतरलेलं दिसलं नाही.' दिसलं नाही, असं लिहिलंय. कोणी उतरलं नाही, असं नाही लिहिलेलं. इथे आपण काकीच्या खिडकीतून बघतोय, ती जेवढं बघते तेवढंच आपल्याला कळतं. पहिल्या परिच्छेदात तसं नव्हतं, तिथे खाडी, होड्या, धक्का, सगळं एकदम दिसत होतं, कोणा एकाच्या डोळ्यांनी नव्हतं. म्हणजे उतारा पुढे सरकतो तशी आपली बघायची जागा अरुंद होत जाते, गाव, मग घर, मग काकीचं डोकं. आणि जेव्हा ती सगळ्यात अरुंद झालेली असते नेमकं तेव्हाच बाहेरून कडी वाजते. जर लेखकाने एसटीतून उतरणारा माणूस आधीच दाखवला असता तर कडी वाजल्यावर आपण नुसती मान हलवली असती, हां, आला. आता आपण काकीबरोबर दचकतो.

एका ओळीचा परिच्छेद उठून दिसतो, हे कोणीही सांगेल, पानावर डोळे फिरवले तरी दिसतं. तो उठून का दिसायला हवा ते सांगायचं. चौथ्या परिच्छेदात वाक्यं थकलेली आहेत, आली, थांबली, गेली, शेवटी चष्मा पुसला म्हणजे वाट बघणं संपलं असं आपल्याला वाटतं, आणि त्या संपण्यावर ही एक ओळ येऊन आदळते.

आणि शेवट. सगळ्या उताऱ्यात पहिल्यांदाच कोणीतरी बोलतं. शेवटच्या परिच्छेदापर्यंत एकही संवाद नाही, गाव झोपलंय, आवाज आहेत ते एसटीचा आणि कडीचा. म्हणून पहिलं वाक्य कोणाच्या तोंडी ठेवलंय याला महत्त्व येतं, ते आलेल्या माणसाच्या तोंडी आहे, काकीच्या नाही. 'माझा पेला' म्हटल्यावर दुसऱ्या परिच्छेदातलं कोडं सुटतं, बरोबर चार परिच्छेद थांबून. आणि सुटलं म्हणेपर्यंत काकी वळून बघतच नाही, जिने पेला भरून ठेवला, दार उघडं ठेवलं, एसटीला कान लावले, तीच. आता हिचं काय बिनसलंय? क्लिफहँगर म्हणा हवं तर, पण नुसतं क्लिफहँगर म्हटलं तर यातलं काहीच सांगितलं जात नाही.

हे सगळं आठ-दहा मिनिटांत लिहायचं नाहीये, घाबरू नका. एवढं दिसलं की त्यातलं थोडंच उतरवायचं. साधारण असं उत्तर झालं तरी वरच्या लेव्हलला जाईल:

'लेखक वाचकाला झोपलेल्या गावापासून दोन पेल्यांपर्यंत आणतो आणि तिथे थांबतो, पण एक पेला भरलेला का हे सांगत नाही. उत्तर द्यायच्या ऐवजी मजकूर दहा वर्षं मागे जातो, आणि त्याच ओटीवरची गर्दी बघून वाचकाला कळतं की घर रिकामं झालंय पण वाट एकाचीच बघितली जातेय. चौथ्या परिच्छेदात दृष्टिकोन काकीपुरता अरुंद होतो, त्यामुळे "कोणी उतरलेलं दिसलं नाही" यावर तिच्यासारखाच आपलाही विश्वास बसतो, आणि म्हणून कडीची ती एकच ओळ तिला आणि आपल्याला एकाच क्षणी चकवते. शेवटी "माझा पेला" या शब्दांनी सुरुवातीचं कोडं सुटतं, पण इतकी वाट बघणारी काकी वळत नाही, म्हणजे एक प्रश्न मिटवतानाच लेखक त्याहून अवघड प्रश्न उघडतो.'

चार वाक्यं आहेत. फक्त लांब आहेत. यात काय केलंय ते बघा: सुरुवातीला धरलं, मधली एक-दोन वळणं घेतली, शेवट घेतला, आणि शेवटाला सुरुवातीशी जोडलं. ही जोडणी फार महत्त्वाची, कारण त्यातूनच दिसतं की पोराने अख्खा उतारा एकत्र डोक्यात धरलाय. प्रत्येक परिच्छेदाबद्दल क्रमाने एकेक वाक्य लिहीत गेलं तर ती गोष्ट पुन्हा सांगणं होतं, आणि गोष्ट परीक्षकाला माहिती आहे.

आता काही ठिकाणी पोरं अडखळतात ती सांगते.

एक म्हणजे भाषा कुठे संपते आणि रचना कुठे सुरू होते. छोटं वाक्य हे भाषेत लिहू की रचनेत? बोर्डाचा नियम साधारण असा की अख्ख्या उताऱ्याच्या पातळीवर जे घडतं आणि परिच्छेदांच्या पातळीवर जे घडतं ते रचनाच, वाक्याच्या पातळीवरचं तेव्हाच रचना जेव्हा ते वाक्य अख्ख्या उताऱ्याला काहीतरी करतं. कडीची ओळ करते, तिच्यामुळे उतारा वळतो. 'तांब्याशेजारी दोन पेले' हे पण छोटं वाक्य आहे, पण ते छोटं आहे याने रचनेला फारसं काही होत नाही, त्याची जागा महत्त्वाची आहे, लांबी नाही. तसंच पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दाचं. एकाच वाक्यात तीनदा आला तर भाषा. दुसऱ्या परिच्छेदात आला, गायब झाला, आणि शेवटी परत आला, तर रचना.

दुसरं, ते त्रिकोणाचं चित्र. गुस्टाव्ह फ्रायटाग नावाच्या जर्मन लेखकाने १८६३ मधे पाच अंकी नाटकांबद्दल लिहिताना तो मांडला, चढ, शिखर, उतार वगैरे, आणि आज तो इंग्लिशच्या वर्गाच्या भिंतीवर असतो. पूर्ण नाटकाला ठीक आहे. पण परीक्षेत येतो तो कादंबरीचा तुकडा, बऱ्याचदा सुरुवातीचा, त्यात शिखर असेलच असं काही नाही, आणि पोरं बिचारी कुठूनतरी क्लायमॅक्स ओढून आणतात. उतारा कादंबरीच्या सुरुवातीचा आहे की मधला हे पेपरवर सांगितलेलं असतं, ते वाचा आणि त्याचा उपयोग करा. सुरुवातीचा असेल तर लेखकाला अजून शेकडो पानं लिहायची आहेत, तो तुम्हाला काही सांगून संपवणार नाही, तो कुठले प्रश्न पेरतोय ते बघा.

तिसरं, वाचक. 'वाचकाला उत्सुकता वाटते' हे वाक्य मी क्लासमधे बंदच करून टाकलंय. उत्सुकता कशाची, ते लिहायचं. पेला कोणासाठी याची? काकी वळत का नाही याची? प्रश्नचिन्हाचं वाक्य तयार करा आणि ते उत्तरात घाला. अजून एक, वाचकाला या टप्प्यावर काय माहिती आहे आणि काकीला काय माहिती आहे, हे दोन्ही सारखं आहे का? कधी वाचकाला पात्रापेक्षा जास्त माहिती असतं, मग काळजी वाटते. कधी कमी असतं, मग कुतूहल वाटतं. कधी सारखंच, मग धक्का एकत्र बसतो. ही तुलना केली की उत्तरात जीव येतो, आणि हे करणारी पोरं खरंच कमी असतात.

इंग्लिशमधे लिहिताना क्रियापदं नीट निवडायची. 'यूझेस' सगळीकडे लावलं की उत्तर यादीसारखं होतं, लेखक हे यूझ करतो, ते यूझ करतो. त्याऐवजी विथहोल्ड्स, डिलेज, नॅरोज, शिफ्ट्स, रिटर्न्स टु, रिव्हील्स, ही अशी क्रियापदं घेतली की वाक्यच पोराला पुढे ढकलतं. 'द रायटर विथहोल्ड्स' लिहिलं की पेन थांबतच नाही, काय दाबून ठेवलं आणि कधीपर्यंत, हे लिहावंच लागतं. आणि एक वाक्याची सुरुवात मी सगळ्यांना पाठ करायला लावते, 'बाय धिस पॉइंट, द रीडर ऑलरेडी नोज'. यानंतर जे काही लिहाल ते रचनेबद्दलच असेल.

बाकी बोर्डांचं थोडक्यात. पिअर्सन एडेक्सेल आणि ओसीआर हे भाषा आणि रचना एकाच प्रश्नात विचारतात, म्हणजे तिथे दोन्हीवर लिहायचं, आणि तिथे उलटी चूक होते, भाषेवरच लिहून रचना राहून जाते. एडिनबरा-ग्लासगोकडच्या मंडळींना जीसीएसई नसतंच, त्यांचं नॅशनल फाइव्ह, त्यांनी आपापल्या शाळेला विचारा. एक्यूएच्या पेपर २ मधे रचनेचा वेगळा प्रश्न नाही, पण वाचनाच्या भागात शेवटी दोन लेखांची तुलना असते १६ मार्कांची, त्यात लेखकांनी मतं कशी मांडली हे सांगताना क्रमाबद्दल लिहिता येतं. कथेतर लेखनात विचारायचा प्रश्न तोच, फक्त जागा वेगळ्या: लेखकाने विरोधकांचा मुद्दा आधी का घेतला, स्वतःचा अनुभव पहिल्याच ओळीत का टाकला आणि आकडे मागे का ठेवले.

सराव घरी कसा करायचा हे खूप जण विचारतात आणि सगळ्यांना वाटतं मी महागडं गाइड सांगेन. कुठलीही छोटी गोष्ट घ्या, दीड-दोन पानांची, प्रिंट काढा, परिच्छेद कात्रीने कापा, पट्ट्या मिसळा आणि पोराला मूळ गोष्ट न वाचता क्रम लावायला सांगा. तो जो क्रम लावेल तो बहुतेक वेळा सरळ काळाप्रमाणे असतो, आधी घडलं ते आधी. मग मूळ गोष्ट दाखवा. जिथे जिथे लेखकाचा क्रम पोराच्या क्रमापेक्षा वेगळा आहे तिथे लेखकाने मुद्दाम काहीतरी केलंय, आणि त्या प्रत्येक जागेवर एक वाक्य. गोष्ट मराठी असली तरी चालेल, उलट आजीला पण बसवता येतं सोबत, आमच्याकडच्या एका मुलीच्या आजीने तर पट्ट्या लावताना ठणकावून सांगितलं की हा परिच्छेद इथे ठेवलास तर मला आधीच कळेल ना चोर कोण ते. तिला जीसीएसई कशाशी खातात माहीत नव्हतं, पण उत्तर अगदी वरच्या लेव्हलचं होतं.

यातून अजून एक फायदा होतो. त्याच पेपरच्या दुसऱ्या भागात पोरांना स्वतः वर्णन किंवा गोष्ट लिहायची असते, ४० मार्कांची, त्यातले २४ आशय आणि मांडणीला असतात. काय कधी सांगायचं याचा विचार जे पोर तिसऱ्या प्रश्नात करायला शिकतं ते या लेखनाच्या, म्हणजे पाचव्या प्रश्नात आपोआप पहिल्याच ओळीत सगळं ओतत नाही. मला तर वाटतं तिसऱ्या प्रश्नाचा खरा मोबदला तिथे मिळतो, पण पोरांना हे सांगून उपयोग नसतो, त्यांना ८ मार्कच दिसतात.

शेवटी घड्याळ. बोर्डच सांगतं की वाचायला साधारण १५ मिनिटं द्या. लेखनाला पाऊण तास ठेवला तर वाचनाच्या ४० मार्कांना उरतात ४५ मिनिटं, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाला नऊ-दहा. त्यातली पहिली दोन लिहायचं नाहीच, उताऱ्यावर पेन्सिलने तीन खुणा करायच्या, सुरुवात कशावर आहे, कुठे वळतो, आणि शेवट सुरुवातीतल्या कशाला हात लावतो. खुणा झाल्या की लिहायला सुरुवात. दुसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ गेला आणि हातात चारच मिनिटं उरली असं झालं, आणि ते होतंच, तर मधलं वळण सोडून द्या, सुरुवात आणि शेवट घ्या आणि त्यांना जोडणारी दोन वाक्यं लिहा, अख्खा उतारा वाचल्याचं त्यातून तरी दिसतं. मग तिसरा अर्धवट वाटला तरी त्याच्यावर रेंगाळू नका, पुढच्या प्रश्नाला २० मार्क आहेत.